गिझर बदलला म्हणजे शॉवरला धार येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला 1996 सालची चार मजली इमारत, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. मागच्या वर्षी बाथरूम नवीन केलं, मोठा चौकोनी रेन शॉवर बसवला. गार पाण्याला बऱ्यापैकी फोर्स आहे, गरम सोडलं की धार करंगळीएवढी. गिझर 15 लिटरचा, नऊ वर्षांचा. एक दुकानदार म्हणतो गॅस गिझर घ्या, दुसरा म्हणतो साडेचार किलोवॅटचा इन्स्टंट घ्या, शेजारी म्हणतात सरळ सोलर बसवा. धार वाढायला यातला कोणता घ्यावा?

धार वाढवणारा गिझर बाजारात नाही. असलेली धार कमी-जास्त अडवणारे गिझर आहेत, आणि निवड करायची ती त्यांच्यातून.

घरात तांब्याचा बंब पाहिला असेल तर हे लगेच कळेल. बंबाच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत पाणी पडायचं. गार पाणी तळाला जातं, वरचं गरम पाणी त्याला जागा करून देतं. भिंतीवरचा स्टोरेज गिझर म्हणजे झाकण लावलेला बंबच आहे. फरक इतकाच की तांब्या ओतायला माणूस नाही, गच्चीवरची टाकी ओतते. ती जेवढ्या जोराने ओतेल त्यापेक्षा जास्त जोराने गरम पाणी येणार नाही, मग गिझर पाच हजारांचा असो की पंचवीस हजारांचा.

म्हणून आधी टाकी पाहू. दाब मोजायचं माप बार. पाण्याची उंची 10 मीटर असेल तर दाब साधारण 1 बार, म्हणजे एका मीटरला 0.1 बार. वरच्या मजल्यावर शॉवरपासून स्लॅब जेमतेम तीन फूट. टाकी जिन्याच्या केबिनवर असेल तर तिचे आठेक फूट मिळवा. सगळं मिळून साडेतीन मीटर, म्हणजे 0.35 बार. तीच टाकी गच्चीत दीड फुटाच्या ओट्यावर असेल तर दाब 0.15 बारवर येतो. तळमजल्यावरच्या कुटुंबाला त्याच टाकीतून तीन मजल्यांचा, म्हणजे जवळपास 0.9 बारचा, फायदा फुकट मिळतो. त्यांचा शॉवर बघून तुम्ही तसाच आणला असेल तर तिथेच फसलात. रेन शॉवरच्या खोक्यावर किमान दाब छापलेला असतो, तो वाचून खरेदी करणारा ग्राहक मला आजवर दोनदा भेटला. दोन्ही वेळा तो इंजिनिअर होता आणि दोन्ही वेळा बायकोने तरी मोठाच शॉवर घेतला.

पण तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: गार बऱ्यापैकी, गरम बारीक. दोन्ही पाणी निघतं एकाच टाकीतून, येतं एकाच डाऊनटेकने, म्हणजे टाकीतून खाली उतरणाऱ्या लाइनने, पडतं एकाच शॉवरमधून. टाकीची उंची हेच कारण असतं तर दोन्ही धारा सारख्याच रडल्या असत्या. म्हणजे गार लाइन जिथे गिझरकडे फुटते तिथपासून मिक्सरपर्यंतच्या, म्हणजे गार-गरम मिसळणाऱ्या नळापर्यंतच्या, आठ-दहा फुटांत काहीतरी अडतंय.

ते शोधायला रंगाची रिकामी 10 लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. आधी मिक्सरच्या खालच्या नळाने फक्त गार पाणी सोडा आणि बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. मग फक्त गरम. मग वर शॉवरची जाळी काढून नुसत्या दांडीतून दोन्ही वेगवेगळं, आणि शेवटी जाळी लावून. बादली 60 सेकंदांत भरली तर मिनिटाला 10 लिटर, 100 सेकंद लागले तर 6 लिटर. शॉवरखाली नीट आंघोळ व्हायला मिनिटाला 8 लिटरच्या आसपास लागतं. 5 च्या खाली गेलं की केसातला साबण निघत नाही. खालच्या नळाला गरम पाणी चांगलं येतंय पण वर येत नाही, असं निघालं तर दोष डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी खालच्या नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या खटक्याचा. जाळी काढल्यावर एकदम फरक पडला तर जाळीचा. खालच्या नळालाही गरम बारीकच असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसंच असावं, तर गिझरपाशी या.

गिझरपाशी काय काय असतं ते पाण्याच्या वाटेने मोजा. भिंतीत अँगल कॉक (पाणी बंद करायची चावी), मग वेणीची कनेक्शन पाइप, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, मग टाकी, बाहेर पडताना दुसरी कनेक्शन पाइप, दुसरा अँगल कॉक, मग भिंतीतली गरम लाइन, शेवटी मिक्सरची गरम बाजू. गार पाण्याच्या वाटेत यातलं जवळजवळ काहीच नाही.

या कनेक्शन पाइपने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. धंद्यात नवा होतो. इंदिरानगरला एका काकांची हीच तक्रार होती. मी ऐटीत सांगितलं, काका, गिझर लहान पडतोय, 25 लिटरचा घ्या. त्यांनी घेतला, मी बसवला, जुन्याच पाइप लावल्या कारण त्या बाहेरून चकचकीत होत्या. नळ सोडला, धार तशीच. काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिले. मग गिझरच्या आउटलेटची पाइप काढून जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि करवतीने मधोमध कापली. बाहेर स्टीलची जाळी लखलखीत, आतली रबरी नळी गरम पाण्याने फुगून सुरकुतलेली, आणि मधे वाट उरलेली अगदी बारीक. नव्या दोन पाइप लावल्या, बादली निम्म्या वेळात भरली. त्या दिवशी मजुरी घेतली नाही. नवी असतानाही या पाइपचं भोक 8 मिलिमीटरच्या आसपासच असतं, आणि आपण ती अर्धा इंच म्हणून विकत घेतो. तेव्हापासून गिझर बदलताना जुनी पाइप परत लावत नाही, आणि जमेल तिथे आखूड व मोठ्या भोकाची घेतो.

दुसरा संशयित सेफ्टी व्हॉल्व्ह. गिझरच्या गार पाण्याच्या तोंडाशी पितळी गोळा असतो, त्याला बारीक नळी. आत एक झडप स्प्रिंगवर बसलेली असते: पाण्याला गिझरमध्ये जाऊ देते, मागे फिरू देत नाही, आणि दाब फार वाढला तर बाहेर सोडते. टाकीचा दाबच 0.3 बार असेल तर त्या स्प्रिंगला ढकलण्यातही त्यातला काही भाग खर्च होतो. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार बसले की झडप अर्धीच उघडते. काही मिस्त्री हा व्हॉल्व्ह काढून साधा निप्पल, म्हणजे जोडनळीचा तुकडा, टाकतात, आणि धार लगेच वाढते, हे खोटं नाही. पण थर्मोस्टॅट अडकला आणि कुणी खालचा कॉक बंद केलेला असला, तर त्या बंद टाकीत वाफेला वाट राहत नाही. ती टाकी तुमच्या डोक्यावर टांगलेली आहे. व्हॉल्व्ह काढून साफ करा, खराब असेल तर कंपनीचाच नवा लावा, पण त्याच्याशिवाय गिझर चालवू नका.

तिसरा मुद्दा मागच्या वर्षीच्या नूतनीकरणाचा, आणि मला सगळ्यात जास्त शंका इथेच आहे. जुन्या इमारतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, पाइप होती. ती काढून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारी प्लास्टिकची, टाकली असणार, अर्ध्या इंचाच्या जागी अर्धा इंच. नाव सारखं, भोक वेगळं. अर्धा इंच जीआय आतून 16 मिलिमीटर असते. जाड भिंतीची, म्हणजे एसडीआर 11 ची, अर्धा इंच सीपीव्हीसी आतून साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरते. साडेतीन मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल, पण तेवढंच पाणी तेवढ्याच लांबीतून न्यायला लागणारा दाब त्यामुळे तिपटीहून जास्त होतो. गंजलेल्या जीआयपेक्षा नवी सीपीव्हीसी चांगलीच, यात वाद नाही. फक्त वरच्या मजल्यावर ती पाऊण इंचाची हवी, म्हणजे आतून 18 मिलिमीटर मिळते. अर्ध्या इंचावर यायचं ते थेट मिक्सरपाशी. बाथरूमच्या फरशा मागच्याच वर्षी बसल्यात, आता फोडायला मन धजणार नाही, हे मला समजतं. पण गरम लाइन खोटं छत किंवा माळा असेल तिथून वरून फिरवता येते, तेवढ्यासाठी फरशी फुटत नाही.

मिक्सरची गरम बाजूही उघडून बघा. नव्या कामात टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि सिमेंटचे खडे तिथे येऊन बसलेले मी नेहमी काढतो. लाइन चालू करण्याआधी मिक्सर काढून पाणी मोकळं सोडायचं असतं, घाईत कुणी सोडत नाही.

हे सगळं होईपर्यंत एक फुकटची युक्ती. गिझरचं बटण 50 वर असेल तर 65 वर न्या. गरम लाइन बारीक आहे, मिनिटाला 3 लिटरच देते, असं धरू. थंडीत टाकीचं पाणी 16 अंश, अंगावर 40 अंश हवं. 50 अंशांच्या 3 लिटर पाण्यात सव्वा लिटरच गार मिसळता येतं, म्हणजे शॉवरला एकूण सव्वाचार लिटर. तेच पाणी 65 अंशांचं असलं तर त्यात तीन लिटरहून थोडं जास्त गार मिसळतं, आणि शॉवरला सहा लिटर मिळतात. जोरदार असलेल्या गार लाइनला जास्त काम दिलं, एवढंच. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मात्र नुसता गरम नळ सोडू देऊ नका, 65 अंशांना कातडी सोलते. आणि 60 च्या वर क्षारही लवकर धरतात.

आता गिझरच्या प्रकारांकडे. इन्स्टंटचा हिशोब सोपा आहे. 3 किलोवॅटचा गिझर पाणी किती अंश वाढवतो गुणिले मिनिटाला किती लिटर, याचा गुणाकार 43 येतो. 16 वरून 40, म्हणजे 24 अंश वाढवायचे असतील तर मिनिटाला 1.8 लिटर. साडेचार किलोवॅटचा घेतला तर 2.7. याच्यावर शॉवर चालत नाही. स्वयंपाकघरात भांडी घासायला हा उत्तम, आणि बादली भरायला मुंबई-कोकणात चालून जातो, कारण तिकडे पाणी मुळातच फार गार नसतं. निफाडला पारा उतरला की इकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय साडेचार किलोवॅट म्हणजे 20 अँपिअर. 1996 च्या वायरिंगवर, 16 अँपिअरच्या पिनेवर तो लावू नका.

गॅस गिझर ताकदीला कमी नाही. मिनिटाला 6 लिटर, 25 अंश वाढ, म्हणजे साडेदहा किलोवॅट. पण त्याची भट्टी पेटते ती पाण्याच्या दाबावर. आत पडदा असतो, पाण्याने तो ढकलला की गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. वरच्या मजल्यावर तो पडदा कसाबसा ढकलला जातो. तुम्ही गार पाणी मिसळायला जाता, जोरदार गार पाणी मिक्सरमध्ये गरम पाण्याला मागे रेटतं, भट्टी विझते, आणि साबण लावलेल्या अवस्थेत तुम्ही बर्फाच्या पाण्याखाली. थंडीत मला सकाळी सातला येणारे फोन बहुतेक याच गिझरचे असतात. आणि विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो: गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला झोप आल्यासारखं होतं आणि तो तिथेच पडतो. खिडकी आहे, एक्झॉस्ट आहे, हे पुरेसं नाही. गिझर बाहेर, मोकळ्या हवेतल्या बाल्कनीत, पाणी फक्त पाइपने आत.

सोलर नाशिकच्या उन्हाला चांगलं, वीजबिलालाही चांगलं. पण नेहमीच्या काचेच्या नळ्यांच्या सोलरची टाकी दाबाची नसते, तिला हवेची उघडी नळी असते. गरम पाण्याचा दाब ठरतो तो गार टाकीच्या उंचीवरूनच. त्यात सोलरवरच छोटी फ्लोटची टाकी बसवली असेल तर दाब आणखी घटतो. मोठी अडचण पुढे येते. उद्या तुम्ही पंप लावायचं ठरवलं तर या टाकीवर तो चालत नाही, हवेच्या नळीतून गच्चीवर कारंजं उडतं. आणि फक्त गार लाइनला पंप लावला तर गार पाणी गरम लाइनमध्ये घुसून सोलरपर्यंत जातं. एका सोसायटीत बारा फ्लॅटना सकाळी कोमट पाणी यायचं, कंपनीला शिव्या देऊन झाल्या होत्या. कारण निघालं एका फ्लॅटमधलं मिक्सर आणि त्याच्यामागचा पंप. सोलर घ्यायचं आणि पंपही लावायचा असेल तर दाबाची टाकी असलेलं सोलर मागा, ते महाग पडतं.

उरतो तो स्टोरेज. तुमच्यासाठी मी 25 लिटरचा, उभा, 2 किलोवॅटचा घेईन. आडवा माळ्याखाली छान बसतो, पण त्यात गार-गरम लवकर मिसळतं. 25 लिटरपैकी 20 लिटर कामाचं पाणी धरा. 65 अंशांवर त्याचं 40 अंशांचं साधारण 41 लिटर होतं, म्हणजे मिनिटाला 8 लिटरने पाच मिनिटांचा शॉवर. तुमच्या 15 लिटरमध्ये तीनच मिनिटं मिळतात, म्हणून आज धार वाढवली तर उद्या तक्रार येईल की पाणी लवकर संपतं. आयएसआय शिक्का आणि बीईईचे तारे बघा, मात्र तारे पाणी गरम ठेवण्यातली बचत सांगतात, त्यांचा धारेशी संबंध नाही. पाण्यात क्षार असतील तर अॅनोड रॉड, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून आत असलेली कांडी, दोन वर्षांनी बघायला लावा. विक्रेता ‘8 बारचा आहे, हाय प्रेशर’ म्हणून जास्त पैसे सांगेल. 8 बार म्हणजे गिझर किती दाब सोसतो. वीस मजली टॉवरच्या खालच्या मजल्यांवर हा आकडा महत्त्वाचा, कारण तिथे साठ मीटर उंच पाणी डोक्यावर असतं आणि दाब कमी करायला वेगळे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. तुमच्याकडे अर्धा बारसुद्धा नाही.

पंपाबद्दल शेवटी, कारण लोक पहिल्यांदा तिथेच जातात. पाइप, व्हॉल्व्ह, मिक्सर सगळं मोकळं करूनही गार पाणीच मिनिटाला 6 लिटरच्या खाली असेल, तरच पंप. तो गरम लाइनला लावायचा नाही. गच्चीत टाकीजवळ डाऊनटेकवर लावायचा, म्हणजे गार लाइन आणि गिझर दोघांनाही सारखाच दाब मिळतो आणि मिक्सरमध्ये भांडण होत नाही. शेजारून बायपास, म्हणजे पंप टाळून जाणारी लाइन, आणि त्यात एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे फिरू न देणारी झडप. मग वीज गेली तरी पाणी चालू राहतं. तुमची डाऊनटेक खालच्या मजल्यांशी सामाईक असेल तर हा पंप त्यांनाही लागू होतो, त्यामुळे सोसायटीची लेखी परवानगी घ्या किंवा टाकीपासून स्वतंत्र लाइन ओढा. आणि महापालिकेच्या लाइनवर थेट मोटार लावायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा देऊन परत पाठवा, ते बेकायदा आहे आणि मोटार जप्त होते.

गच्चीवर गेलातच तर टाकीतून निघणाऱ्या डाऊनटेकला, व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, हवेची उभी नळी आहे का तेही बघा. जुन्या इमारतीत ती रंगकामाच्या वेळी तुटते आणि कुणीतरी तिला टोपी घालून मोकळा होतो. मग टाकी रिकामी होऊन भरली की लाइन हवा धरते आणि दोन दिवस सगळ्यांची धार तुटत येते. टोपी असेल तर काढा, नळी टाकीच्या वर फूटभर जाऊ द्या आणि तोंड खाली वळवा, म्हणजे कचरा पडत नाही.

तुमच्या जागी मी पहिल्या रविवारी बादली मोजीन, दोन्ही कनेक्शन पाइप नव्या आणीन, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मिक्सरची गरम बाजू साफ करून घेईन, आणि पुन्हा बादली मोजीन. गरम आणि गार यांच्यात दोन लिटरहून कमी फरक राहिला तर लाइनला हात लावू नका, 25 लिटरचा गिझर घेऊन या. जास्त राहिला तर आधी गरम लाइन पाऊण इंचाची करा, गिझर त्यानंतर.